कुमकेची वाट

लखनौ शहराच्या आग्नेयेस, नवाब सादत अली खानाने बांधविलेल्या दिलखुशा कोठीच्या अंगाला, लष्करी छावणी पसरलेली आहे. रुंद व सरळ रस्ते, दुतर्फा जुनी झाडे, ऐसपैस आवारांतील बंगले आणि कवायतीची मैदाने अशी तिची रचना आहे. आणि पुण्याचा लष्कर भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती पाहताक्षणीच ओळखीची वाटावी. परंतु लखनौची छावणी मुळात या जागी नव्हती. ती गोमती नदीच्या उत्तरेस मडियांव येथे होती. ३० मे १८५७ च्या रात्री तेथील हिंदी पलटणी उठल्या, साहेबांचे बंगले पेटले, आणि इंग्रजांना महिन्याभरात ती जागा सोडून शहरातील रेसिडेन्सीच्या आवारात कोंडून घ्यावे लागले. पुढे लखनौ पुन्हा हस्तगत केल्यावर त्यांनी आपले सैन्य मडियांवला परत नेले नाही. दिलखुशाच्या बाजूस नवी छावणी वसविली. छावणीची जागा बदलली ती एका वेढ्यामुळे, आणि आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे त्याचा धागाही त्या वेढ्यापासूनच सुरू होतो.

तो वेढा आपल्या परिचयाचा आहे. आदल्याच वर्षी, १८५६ साली, कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले होते. त्या अन्यायाने पेटलेले शिपाई, तालुकदार आणि प्रजाजन बेगम हजरत महल यांच्या पक्षाला मिळाले. ३० जून १८५७ रोजी चिनहट येथे इंग्रजांचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. आत बायकामुलांसह सुमारे तीन हजार माणसे होती; लढणाऱ्यांपैकी सातशेच्या आसपास हिंदी शिपाईच होते, ही गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. मुख्य आयुक्त हेन्री लॉरेन्स तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन ४ जुलै रोजी मरण पावला. हॅवलॉक आणि औट्रॅम यांची फौज २५ सप्टेंबरला आत घुसली, पण वेढा उठविण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. सुटकेस आलेली माणसे स्वतःच वेढ्यात सापडली. अखेर नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलने मोठे सैन्य आणले, तेव्हा कोठे आतली माणसे बाहेर पडली. स्वतः हॅवलॉकने अवघ्या काही दिवसांनी दिलखुशाच्या परिसरातच प्राण सोडला.

आपल्या दृष्टीने हा स्वातंत्र्यासाठी झालेल्या एका झुंजीचा इतिहास आहे. ब्रिटिश लष्करी मनाने मात्र त्यातून एक वेगळीच कथा घडविली. राजकवी टेनिसनने १८७९ साली त्या वेढ्यावर काव्य रचले. रेसिडेन्सीच्या भग्न मनोऱ्यावरील निशाण १९४७ च्या ऑगस्टपर्यंत अहोरात्र फडकत ठेवण्यात आले. त्या कथेचे सार एवढेच, की मूठभर माणसांनी धीर न सोडता जागा धरून ठेवावी. कुमक उशिरा येईल, पण येईल. ज्यांना आघाडीवर धाडावयाचे त्यांना हे वचन फार धीर देते. ज्यांनी धाडावयाचे त्यांच्यावर मात्र ते फार मोठे ओझे टाकते. या वचनाची कसोटी ज्याच्या आयुष्यात पुन्हापुन्हा लागली असा एक सेनाधिकारी आपल्या पुण्यात जन्माला आला होता. त्याचे नाव जॉन डटन फ्रॉस्ट. त्यांचे चरित्र आज आपण पाहू.

पुण्याची छावणीही एका पराभवाच्या पाठोपाठ आली होती. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईत पेशव्यांची फौज मागे हटली, पेशवाई बुडाली, आणि मुठेकाठच्या शहराच्या पूर्वेस इंग्रजांचे लष्कर कायमचे येऊन बसले. या छावण्या म्हणजे निव्वळ शिपायांच्या बराकी नव्हत्या. चर्च, क्लब, शर्यतीचे मैदान आणि कबरस्तान यांसह ती एक स्वतंत्र सृष्टीच होती. तेथे जन्मलेली इंग्रज मुले काही वर्षे आयांच्या अंगाखांद्यावर वाढत, मग शिक्षणासाठी विलायतेस रवाना होत, आणि पुष्कळदा वडिलांच्याच पेशात शिरून साम्राज्याच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात नेमणुकीवर जात. जॉन फ्रॉस्ट यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१२ चा. वडील हिंदी सैन्यात अधिकारी होते व पुढे ब्रिगेडियर-जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ या कुटुंबाचे बिऱ्हाड इराकात होते. मुलगा विलायतेत शिकला, सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून १९३२ साली बाहेर पडला, आणि 'कॅमेरोनियन्स' या स्कॉटिश पलटणीत दाखल झाला.

त्या काळी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वाट्याला जे काम येई तेच फ्रॉस्ट यांच्या वाट्याला आले. पॅलेस्टाइनमध्ये अरबांचा उठाव चालू असता त्यांची पलटण तेथे होती. नंतर १९३८ पासून ते इराकातील 'लेव्ही' सैन्यात नेमले गेले. हे सैन्य स्थानिक लोकांतून, मुख्यत्वे असिरियन ख्रिस्ती समाजातून, उभारलेले असून ब्रिटिश विमानतळांची राखण करी. तेथे शिकारी कुत्र्यांच्या कळपामागे घोडे घालण्याचा जो इंग्रजी खेळ चाले त्याचे फ्रॉस्ट प्रमुख होते. निरोप घेताना शिकारी मंडळाने त्यांना तांब्याचे एक शिंग भेट दिले. माणसे गोळा करण्यासाठी ते शिंग फुंकण्याची सवय पुढे त्यांनी रणांगणावरही सोडली नाही.

येथवरच्या या आयुष्यात असाधारण असे काही नाही. असे अधिकारी शेकड्यांनी होते. असाधारण गोष्ट घडली ती १९४१ साली. फ्रॉस्ट विमानातून हवाई छत्रीच्या साहाय्याने उतरणाऱ्या सैन्यात गेले.

हे सैन्य त्या वेळी अगदी नवे होते. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी बेल्जियम व हॉलंडमध्ये आकाशातून सैनिक उतरवून किल्ले आणि पूल घेतले, तेव्हा सारे जग चकित झाले. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी निदान पाच हजार छत्रीधारी सैनिकांचे दल उभारण्याचा आदेश दिला. या सैन्याचे स्वरूप आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. पायदळाचा शिपाई पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पाठीशी तोफा, रणगाडे, दारूगोळ्याच्या गाड्या, मुदपाकखाना आणि इस्पितळ असते. छत्रीधारी सैनिक शत्रूच्या पाठीमागे उतरतो. अंगावर वाहून नेता येईल तेवढेच त्याचे सामर्थ्य. उतरल्या क्षणापासून त्याच्या चहूबाजूंना शत्रू असतो. रेसिडेन्सीतील माणसांना परिस्थितीने वेढ्यात ढकलले. छत्रीधारी सैनिक आपण होऊन वेढ्यात उडी घेतो. म्हणून त्याची प्रत्येक मोहीम दोन माणसांमधील करार असतो. उडी घेणारा म्हणतो, 'मी धरून ठेवतो'. धाडणारा म्हणतो, 'मी येऊन पोहोचतो'.

फ्रॉस्ट यांच्या बाबतीत हा करार प्रथम पाळला गेला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ब्रुनेव्हाल नावाच्या खेड्याजवळ, समुद्राकाठच्या कड्यावर, जर्मनांनी 'वुर्झबुर्ग' जातीचे रडार बसविले होते. ब्रिटिश विमानांचा त्यामुळे मोठा संहार होई. टोनी हिल या वैमानिकाने जीव धोक्यात घालून अगदी खालून त्याचे छायाचित्र घेतले, आणि शास्त्रज्ञांनी ते यंत्रच उचलून आणण्याची मागणी केली. २७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री मेजर फ्रॉस्ट यांच्या हाताखाली सुमारे १२० माणसे बर्फाने झाकलेल्या जमिनीवर उतरली. विमानदलातील कॉक्स नावाचा एक रडार-कारागीर त्यांच्या समवेत होता. पूर्वी त्याने कधी विमानात पायही ठेवला नव्हता. गोळ्यांच्या वर्षावात त्याने व सुरुंग-पथकातील जवानांनी यंत्राचे महत्त्वाचे भाग सुटे केले. एक तुकडी भलत्याच जागी, दोन मैल दूर उतरली होती, तीही धावत येऊन मिळाली. परंतु किनारा गाठल्यावर पाहतात तो परत नेणारी जहाजे दिसेनात. शत्रूच्या गस्ती नौका जवळून जात असल्यामुळे ती आडोशाला थांबली होती. काही वेळ त्या किनाऱ्यावर कुमकेविना उभे राहणे म्हणजे काय, याचा अनुभव फ्रॉस्ट यांना तेथेच आला. मग जहाजे आली. दोघे ठार आणि सहा शत्रूच्या हाती सापडले. बाकीचे यंत्रासह परतले. फ्रॉस्ट यांना 'मिलिटरी क्रॉस' मिळाला. ब्रिटनमध्ये, पराभवांच्या त्या काळात, ही लहानशी मोहीम मोठ्या आनंदाची वार्ता ठरली.

ब्रुनेव्हालचे यश नीट तपासले तर त्याचे मर्म केवळ शौर्यात सापडत नाही. बातमी अचूक होती, उद्दिष्ट मर्यादित होते, जागेचा नमुना करून सराव केला होता, आणि सुटकेची व्यवस्था उशिरा का होईना पण ठरल्याप्रमाणे हजर झाली. याच्या उलट प्रकार त्याच वर्षाअखेर ट्यूनिशियात घडला. २९ नोव्हेंबर १९४२ रोजी लेफ्टनंट-कर्नल फ्रॉस्ट आपली सबंध पलटण घेऊन देपिएन येथे उतरले. उदना येथील विमानतळावर जाऊन शत्रूची विमाने नष्ट करावी आणि ट्यूनिसकडे येणाऱ्या मुख्य सैन्याला मिळावे, अशी आज्ञा होती. रात्रभर चालून पलटण उदनाला पोहोचली, तो तळावर एकही विमान नव्हते. आणि ज्या सैन्याला जाऊन मिळावयाचे त्याची चढाईच तहकूब झाली होती. शत्रूच्या मुलुखात सुमारे पन्नास मैल आत ती पलटण एकटी पडली. फ्रॉस्ट यांनी दिवसा टेकड्यांचा आश्रय घेऊन व रात्री वाट काढून ती मागे आणली. शिंगाचा आवाज ऐकून अंधारात माणसे एकत्र येत. ३ डिसेंबरला उरलेले लोक मेजेझ-अल-बाब येथे पोहोचले तेव्हा १६ अधिकारी आणि २५० जवान मागे राहिले होते. कोणी मेलेले, कोणी जखमी, कोणी बंदिवान. फ्रॉस्ट यांना 'डी. एस. ओ.' हे पदक देण्यात आले. पण गमावलेल्या माणसांनी मिळविले काय, या प्रश्नाला पदक हे उत्तर नव्हे. पुढल्या वर्षी, १९४३ च्या जुलैत, सिसिलीतील प्रिमोसोले पुलावरही तोच प्रकार थोड्याफार फरकाने घडला. विमाने भरकटली, स्वतःच्याच आरमाराच्या तोफांचा मारा सोसावा लागला, आणि ब्रिगेडचा लहानसा भागच मुक्कामी पोहोचला. तेथे मात्र कुमक जवळ होती, म्हणून निभावले.

श्रोतेहो, याच काळात आपल्या देशातही हे नवे सैन्य उभे राहत होते, याची नोंद येथेच केली पाहिजे. १९४१ च्या ऑक्टोबरात दिल्ली येथे ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड स्थापन झाली. तिच्यात ब्रिटिश, हिंदी आणि गुरखा अशी एकेक पलटण होती. त्याच महिन्यात कराचीवर पहिल्या उड्या झाल्या. डॉक्टर म्हणून सेनेत आलेले लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार-मेजर मथुरासिंह हे विमानातून उडी घेणारे पहिले हिंदी सैनिक ठरले. या ब्रिगेडची खरी परीक्षा मात्र हवेत झाली नाही. १९४४ च्या मार्चमध्ये इंफाळ व कोहिमा यांच्या रोखाने जपानी सैन्य आले, तेव्हा मणिपुरातील सांगशाक या नागा खेड्यात ही ब्रिगेड त्याच्या वाटेत उभी राहिली. तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. पाणी अपुरे, काटेरी तारेचे कुंपणही नाही, आणि विमानांतून टाकलेली सामग्री वाऱ्याबरोबर बहुतांशी जपान्यांच्या हाती पडे. कुमक आली नाही. २६ मार्चच्या रात्री उरलेल्या माणसांनी जंगलातून वाट काढली. पण त्या काही दिवसांच्या विलंबाने इंफाळ आणि कोहिमा येथील संरक्षणाला अमोल उसंत मिळाली. आर्नेमचे नाव जगभर झाले. त्याच्या सहा महिने आधीच्या सांगशाकचे नाव आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही.

आता आर्नेमकडे वळू. १९४४ च्या सप्टेंबरात दोस्त राष्ट्रांची सैन्ये बेल्जियमपर्यंत आली होती. युद्ध वर्षअखेरच संपवावे या हेतूने माँटगोमेरी यांनी एक धाडसी बेत पुढे मांडला. हॉलंडमधील कालवे व नद्या यांवरील पुलांची एक माळच्या माळ छत्रीधारी सैन्याने एका झपाट्यात काबीज करावी, आणि त्या गालिच्यावरून रणगाड्यांचे दळ एकाच रस्त्याने चौसष्ट मैल दौडत जाऊन ऱ्हाइन ओलांडावी. माळेतील शेवटचा पूल आर्नेमचा. तो जनरल अर्कहार्ट यांच्या पहिल्या ब्रिटिश विमानवाहित डिव्हिजनकडे सोपविला होता. दोन दिवसांत रणगाडे पोहोचतील, असा हिशेब होता.

हिशेबात दोष होते, आणि त्यांतील काही आधीच कळलेलेही होते. विमाने पुरेशी नसल्यामुळे डिव्हिजन एका दिवसात न उतरता तीन दिवसांत उतरणार होती. उतरण्याची मैदाने पुलापासून सहा ते आठ मैल दूर निवडली होती. म्हणजे अनपेक्षित हल्ल्याचा जो लाभ हाच या सैन्याचा प्राण, तो चालत जाण्यातच खर्ची पडणार होता. जर्मनांच्या दोन चिलखती डिव्हिजन त्या भागात विश्रांती घेत आहेत अशी बातमी मिळाली असता तिला द्यावे तेवढे वजन दिले गेले नाही.

१७ सप्टेंबरच्या दुपारी फ्रॉस्ट यांची दुसरी पलटण नदीकाठच्या रस्त्याने निघाली. रेल्वेचा पूल डोळ्यांदेखत शत्रूने उडवून दिला. होड्यांच्या पुलाचा मधला भाग काढून नेलेला आढळला. रात्री आठच्या सुमारास पलटण मुख्य पुलाच्या उत्तर टोकाशी पोहोचली आणि तिने आजूबाजूची घरे ताब्यात घेतली. इतर पलटणींच्या वाटा शत्रूने अडविल्या. सबंध डिव्हिजनपैकी पुलाशी जमली ती सुमारे ७४० माणसे. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडून चिलखती गाड्यांचा ताफा पुलावरून चालून आला. त्यांतील डझनभर गाड्या पुलावरच जळाल्या. मग जर्मनांनी घरामागून घर तोफांनी पाडण्यास व पेटवून देण्यास सुरुवात केली. बिनतारी यंत्रे निकामी ठरली, त्यामुळे अवघ्या काही मैलांवरील आपल्या सेनापतीशी बोलणे होईना. शहरातील टेलिफोन मात्र चालू होते आणि डच देशभक्त मदतीस तयार होते. पण पूर्वी झालेल्या विश्वासघाताच्या प्रकारांमुळे त्यांच्यावर भरवसा न ठेवण्याची सूचना होती. शरण येण्याचा निरोप आला, तो नाकारला गेला. औषधे संपली, पाणी संपले, तळघरे जखमींनी भरली.

या पुलावर लढलेल्या ब्रिगेडचे नायक जेराल्ड लॅथबरी यांचा जन्म मरीच्या डोंगरी छावणीतला. ते पुलापर्यंत पोहोचू शकले नाहीत. वाटेतच जखमी झाले. फ्रॉस्ट यांच्या पलटणीतील लेफ्टनंट जॉन ग्रेबर्न तीन दिवस जखमी अवस्थेत लढत राहून २० सप्टेंबरला ठार झाले आणि त्यांना मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस' मिळाला. त्यांचा जन्म कराचीजवळच्या मनोरा बेटावरचा. पुणे, मरी, कराची! डच नदीवरील एका पुलाच्या इतिहासात या गावांची नावे एकत्र यावीत, यात योगायोग फारसा नाही. साम्राज्याचे लष्कर जेथे जेथे वसले तेथे तेथे त्याची पुढची पिढी जन्माला येत होती.

२० सप्टेंबरला उखळी तोफेचा गोळा जवळच फुटून फ्रॉस्ट यांचे दोन्ही पाय जखमी झाले. नेतृत्व मेजर गॉफ यांच्याकडे गेले. त्या संध्याकाळी तात्पुरता युद्धविराम करून जखमींना शत्रूच्या स्वाधीन करण्यात आले. इमारती जळत होत्या आणि त्यांना होरपळू देण्यापेक्षा तेच बरे होते. पुणे छावणीत जन्मलेला तो सेनानी अशा रीतीने युद्धकैदी झाला. २१ तारखेच्या सकाळपर्यंत प्रतिकार मावळला. आणि कुमक? ती २० तारखेच्या संध्याकाळीच दहा-अकरा मैलांवरील नायमेखेनचा पूल जिंकून नदीच्या अलीकडे आली होती. दोन दिवस धरावयाचा पूल फ्रॉस्ट यांच्या माणसांनी तीन दिवस व चार रात्री धरला. तरीही रणगाडे ते शेवटचे अंतर काटू शकले नाहीत. उरलेली डिव्हिजन ओस्टरबेक येथे आणखी काही दिवस झुंजली. २५ सप्टेंबरच्या रात्री नदी ओलांडून परतले ते दहा हजारांपैकी अदमासे चोवीसशे.

या अपयशाची सर्वांत जबर किंमत मोजली ती हॉलंडच्या प्रजेने. जर्मनांनी आर्नेममधील जवळजवळ एक लाख रहिवाशांना शहर सोडण्याचा हुकूम दिला. त्यानंतरच्या हिवाळ्यात, अजून शत्रूच्या ताब्यात असलेल्या पश्चिम हॉलंडमध्ये, उपासमारीने सुमारे वीस हजार लोक दगावले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची स्मृती असलेल्या आपल्याला या आकड्यामागचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तरीही डच लोकांनी आपल्यासाठी लढलेल्यांना दोष दिला नाही. युद्धानंतर पूल पुन्हा बांधला गेला, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याला जॉन फ्रॉस्ट यांचे नाव देण्यात आले. जिंकलेल्या सेनापतीचे नाव पुलाला देणे हा जगाचा रिवाजच आहे. पूल गमावलेल्या माणसाचे नाव त्याच पुलाला मिळाल्याची उदाहरणे विरळाच.

१९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन सैन्याने फ्रॉस्ट यांची बंदिवासातून सुटका केली. आर्नेमबद्दल 'डी. एस. ओ.' पदकाचा दुसऱ्यांदा सन्मान त्यांना मिळाला. पुढे मलायातील गुरखा डिव्हिजनच्या मुख्यालयात, नंतर स्कॉटलंडमधील डिव्हिजनचे अधिपती म्हणून, आणि माल्टा व लिबिया येथील सैन्याचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. मेजर-जनरल या हुद्द्यावर ते निवृत्त झाले व ससेक्स परगण्यात गुरे पाळून शेती करू लागले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी योजनेतील दोषांवर स्पष्ट बोट ठेवले. नायमेखेनचा पूल अगोदर हाती घेणे ही साऱ्या बेताची पहिली अट असावयास हवी होती, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. २१ मे १९९३ रोजी ते निवर्तले.

अशा माणसाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? पॅलेस्टाइन, इराक, मलाया या साऱ्या नेमणुका साम्राज्य राखण्याच्या होत्या, आणि त्या साम्राज्याखाली आपण भरडून निघालो, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु ब्रुनेव्हाल आणि आर्नेम येथे तोच माणूस नात्सी राजवटीविरुद्ध उभा होता, आणि तेथे त्याचा पक्ष न्यायाचा होता. एका आयुष्यात या दोन्ही गोष्टी नांदतात. इतिहासाने त्यांपैकी एकीने दुसरी झाकू नये. रेसिडेन्सीच्या तटाआडून लढलेल्या माणसांच्या धैर्याला नावे न ठेवता तटाबाहेरच्यांचा पक्ष आपला मानता येतो. हाच न्याय फ्रॉस्ट यांनाही लावावा.

तथापि या चरित्राचे आपल्याला खरे अगत्य आहे ते दुसऱ्या कारणासाठी. छत्रीधारी सैन्याचा वारसा स्वतंत्र भारताकडे आला. ज्या ५० व्या ब्रिगेडने सांगशाक लढविले तिनेच १९४७-४८ साली काश्मीरच्या रक्षणात भाग घेतला. लष्करी वैद्यक दलाचे केंद्र आज लखनौ छावणीत आहे. त्या दलाचे लेफ्टनंट-कर्नल रंगराज ६० व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख म्हणून कोरियात गेले, आणि २३ मार्च १९५१ रोजी मुनसानी येथे अमेरिकन सैनिकांबरोबर विमानातून उतरून त्यांनी आपल्या छोट्या पथकासह जखमींवर उपचार केले. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण तिच्यात दुसरी पलटण म्हणून दाखल झाली. योगायोग असा, की फ्रॉस्ट यांच्या पलटणीचा क्रमांकही दुसराच होता.

११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी ही मराठा छत्रीधारी पलटण लेफ्टनंट-कर्नल कुलवंतसिंह पन्नू यांच्या नेतृत्वाखाली पूर्व बंगालमधील टांगाईलजवळ उतरली. काम होते लोहाजंग नदीवरील पुंगली पूल घेऊन, मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविण्याचे. उतरताना काही माणसे व सामान विखुरले, जसे ते सर्वत्र विखुरते. पण जमिनीवर मुक्तिवाहिनीचे लोक व गावकरी साहाय्यास होते, आणि त्यांच्यावर विश्वास टाकण्यात आला होता. रात्रीपूर्वीच पूल हाती आला, रात्रभर शत्रूचे हल्ले परतविले गेले, आणि दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरच्या संध्याकाळी, उत्तरेकडून येणारे आपले सैन्य पुलाशी येऊन मिळाले. आघाडीला होती पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री. मराठ्यांनी धरलेल्या पुलावर मराठेच कुमक घेऊन आले. चार दिवसांनी ढाक्यात युद्ध संपले.

आर्नेमची माणसे टांगाईलच्या माणसांहून कमी शूर नव्हती, किंबहुना त्यांच्या वाट्याला अधिक कठीण प्रसंग आला. फरक होता तो पाठीमागच्या तयारीत. बातमी पारखून घेतली होती की नाही, अंतर मोजले होते की नाही, स्थानिक माणसाला आपले मानले होते की नाही, आणि दिलेली वेळ पाळण्याची खटपट प्राणपणाने केली की नाही, या साध्या प्रश्नांत तो सामावलेला आहे. पुलावर झुंजणाऱ्यांच्या शौर्याची कथा सांगून योजनेतील चुका झाकण्याचा मोह प्रत्येक देशाला होतो. लखनौच्या वेढ्याच्या कथेने इंग्रजांना तो झाला असावा. आपणही त्यापासून मुक्त आहोत असे नाही.

दिलखुशाच्या बाजूने छावणीत शिरणाऱ्या रस्त्यांवर आजही तरुण अधिकारी आणि जवान दिसतात. १९६३ पासून आपल्या सेनेच्या मध्य विभागाचे मुख्यालय तेथेच आहे. यांपैकी कोणाला उद्या कोणत्या पुलावर उभे राहावे लागेल हे कोणी सांगू शकत नाही. ते आपला शब्द पाळतील, याविषयी इतिहासाने पुरेशी साक्ष दिली आहे. त्यांना धाडणाऱ्यांनी, म्हणजे नकाशापुढे बसलेल्या सेनापतींनी, राज्यकर्त्यांनी आणि त्या राज्यकर्त्यांना निवडून देणाऱ्या आपण नागरिकांनी, आपला शब्द तितक्याच काटेकोरपणे पाळला पाहिजे.